चंचीतली सुई

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा परवा फोन आला. नेमणुकीचं पत्र हातात पडल्याचं ऐकून फार बरं वाटलं. जिल्ह्याच्या गावी नवीन कर्करोग विभाग, तिथली तू पहिली फिजिसिस्ट आणि रेडिएशन सेफ्टीची जबाबदारीही तुझ्याकडेच. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "मॅडम, रेडियम तर आता हॉस्पिटलात कुणी वापरत नाही. मग तुम्ही आम्हाला वर्गात इतके तास तेच का सांगत बसायचात?" तेव्हा मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच अपुरं वाटलं. दोन दिवस मनात घोळत राहिलं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. रुजू व्हायच्या आधी एकदा निवांत वाच.

रेडियम म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं ते स्टँडजवळचं 'रेडियम आर्ट'चं दुकान. नंबरप्लेटची अक्षरं, मोटरसायकलवर 'आईची कृपा', उसाच्या ट्रॉलीच्या मागे लावायच्या चमकत्या पट्ट्या. जत्रेत अंधारात हिरवा दिसणारा प्लास्टिकचा गणपती मिळतो, तोही 'रेडियमचा'. यातल्या कशातही रेडियम नसतं. मूळ वस्तू बाजारातून केव्हाच गेली, तिचं नाव तेवढं आपल्या बोलण्यात राहिलं. राहिलं तेही तिच्या चमकण्यामुळे. लोक आधी भुलले ते त्या चमकण्यालाच. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पॅरिसमधल्या ल्होमों रस्त्यावरची ती शेड आठव. पूर्वी वैद्यकीय विद्यार्थी तिथे प्रेतांचं विच्छेदन करायचे. नंतर ती त्या कामालाही नको झाली आणि मेरी व पिअर क्युरी यांच्या वाट्याला आली. छत काचेचं, आणि पावसात गळणारं. बेकरेल या शास्त्रज्ञाला युरेनियममधून आपोआप निघणारे किरण सापडले होते. मेरीने त्यांचा अभ्यास हाती घेतला तो प्रबंधासाठी. पिअर आणि त्याचा भाऊ झाक यांनी शोधलेल्या क्वार्ट्झच्या गुणधर्मावर चालणारं, विजेचे अगदी बारीक प्रवाह मोजणारं उपकरण तिच्या हाताशी होतं. त्यावर तिने एकेक खनिज तपासलं. पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजात जेवढं युरेनियम होतं, त्याच्या मानाने किरणांचं माप फार जास्त येत होतं. आपलं मोजमाप चुकलं असेल म्हणून तिने ते पुन्हा पुन्हा घेतलं. आकडा हटेना. तेव्हा ती म्हणाली की यात आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी आहे. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम जाहीर झालं आणि २६ डिसेंबर १८९८ रोजी रेडियम.

पण जाहीर करणं वेगळं आणि बाटलीत घालून दाखवणं वेगळं. रसायनशास्त्रज्ञांना अणुभार हवा होता. बोहेमियातल्या योआखिम्सथालच्या खाणीत काचेला रंग देण्यासाठी युरेनियम काढून घेत आणि उरलेला चोथा जंगलात टाकून देत. तो तपकिरी मातीसारखा माल पोत्यांत भरून पॅरिसला आला. त्यात पाइनच्या झाडांची वाळलेली पानं तशीच मिसळलेली होती. मेरी एका वेळी वीसेक किलो माल घेऊन लोखंडी कढईत उकळायची आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीची लोखंडी सळई घेऊन दिवसभर ढवळत उभी राहायची. एखाद्या मोठ्या कार्याच्या पंगतीसाठी आचारी कढईत उलथणं फिरवतात ना, तसं, पण वर्षानुवर्षं आणि डोळ्यांना झोंबणाऱ्या वाफेत.

पुढचं काम त्याहून चिकाटीचं. रेडियम बेरियमबरोबर येतं आणि त्याच्यापासून वेगळं व्हायला तयार नसतं. दोघांचे क्लोराइड पाण्यात विरघळवून थंड केले, तर रेडियमचे स्फटिक किंचित आधी खाली बसतात. हा 'किंचित'च तेवढा कामाचा. ते स्फटिक उचलायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा थंड करायचे. टनांनी आलेल्या मालातून १९०२ साली तिच्या हाती एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आलं. तांदळाचे चार-पाच दाणे भरतील एवढं वजन. अणुभार तिने २२५ काढला. आज आपण २२६ म्हणतो. गळक्या शेडमध्ये काढलेला आकडा आहे हा, मुली. अजून मला त्याचं नवल वाटतं.

रात्री जेवणं झाली की दोघं कधी कधी पुन्हा शेडकडे जायची. दिवा लावायचा नाही. टेबलांवर, फळ्यांवर ठेवलेल्या नळ्या आणि बश्या अंधारात मंद उजळलेल्या असायच्या. मेरीने त्याबद्दल फार प्रेमाने लिहून ठेवलं आहे. मी तुम्हाला हे सांगायचे तेव्हा वर्ग एकदम गप्प व्हायचा. पहिल्या बाकावर बसलेली तू लिहिणं थांबवून नुसती ऐकत होतीस, ते मला आठवतं.

आता जी गोष्ट मी वर्गात सांगायचे पण तिच्यावर पुरेसा जोर द्यायचे नाही, ती ऐक. रेडियम भाजतं, जखम करतं, हे उशिरा कळलं असा एक समज आहे. तो खोटा आहे. बेकरेलने रेडियमची बंद नळी जाकिटाच्या खिशात ठेवली आणि काही दिवसांनी बरोबर तिथेच त्याच्या अंगावर भाजल्याचा डाग उठला. पिअरने तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून दहा तास ठेवलं. कातडी लाल झाली, मग जखम झाली, आणि ५२ दिवसांनीही ती पुरती भरली नव्हती. दोघांनी मिळून हे सगळं १९०१ मध्ये छापलं. त्याच वर्षी पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात कातडीच्या आजारावर रेडियम लावून बघायला सुरुवातही झाली, कारण जे चांगल्या पेशी जाळतं ते वाईट पेशीही जाळेल, हे डॉक्टरांच्या चटकन ध्यानात आलं. रेडियमच्या उपचाराचं सारं शास्त्र त्या जखमेतून निघालं आहे.

म्हणजे १९०१ मध्ये माहिती होती, छापलेलीही होती. ती कुणापर्यंत पोचली आणि कुणापर्यंत पोचू दिली गेली नाही, हे मला तुला दाखवायचं आहे.

मधल्या वर्षांत रेडियमचं वेड पसरलं. एक ग्रॅम रेडियम तासाभरात आपल्या वजनाहून जास्त बर्फ वितळवतं, आणि हे वर्षानुवर्षं, कुठलंही जळण न घालता. असं ऐकल्यावर लोकांना त्यात संजीवनी दिसली तर नवल नाही. क्युरींनी पेटंट घेतलं नाही, रीत सगळ्यांना मोकळी ठेवली. हे त्यांचं मोठेपण. पण त्या मोकळ्या वाटेने व्यापारीही आत शिरले. क्रीम निघाली, टूथपेस्ट निघाली, रेडियमचं पाणी बाटलीत भरून विकायला आलं. अमेरिकेत रॅडिथोर नावाचं असं पाणी मिळायचं. इबेन बायर्स नावाच्या श्रीमंत गृहस्थाला हाताच्या दुखण्यावर ते घ्यायला सांगितलं गेलं आणि तो हजाराहून जास्त बाटल्या प्यायला. १९३२ मध्ये तो गेला, तोपर्यंत त्याचा जबडा बहुतेक काढून टाकावा लागला होता. तो मोठा माणूस होता म्हणून एकदम बातमी झाली आणि सरकार हललं. त्याच्या कितीतरी आधी ज्या मुली गेल्या, त्यांच्यासाठी एवढ्या लवकर कुणी हललं नव्हतं. त्यांच्याबद्दल मी सावकाश लिहिणार आहे.

न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्या रंगवण्याचा कारखाना होता. पहिलं महायुद्ध चालू होतं, खंदकातल्या सैनिकाला अंधारात वेळ दिसायला हवी होती. झिंक सल्फाइडच्या पुडीत कणभर रेडियम, थोडा डिंक आणि पाणी. रेडियममधून सुटणारा आल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळला की ठिणगीसारखा प्रकाश पडतो. असे असंख्य कण सतत आदळत राहतात आणि आकडे चमकतात. रंगवायला बसायच्या त्या मुली, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. मनगटी घड्याळाचे आकडे केवढे बारीक. बारीक कुंचला दोन-चार आकड्यांतच पसरायचा, मग त्याला टोक काढायला तो ओठांत धरायचा. आपण सुईत दोरा ओवताना टोक ओठांत ओलं करतो, अगदी तसं. हे त्यांना शिकवलेलं होतं. पैसे तबकडीमागे मिळायचे, म्हणून हात थांबवून चालायचं नाही. ओठ, रंग, तबकडी, पुन्हा ओठ, असं दिवसभर.

त्याच इमारतीत रेडियम शुद्ध करणारे रसायनशास्त्रज्ञ चिमट्याने काम करत आणि शिशाच्या आडोशामागे उभे राहत. मुलींना सांगितलेलं होतं की याने काही होत नाही, उलट गाल गुलाबी होतील. त्या गमतीने नखांना, दातांनाही रंग लावायच्या. घरी गेल्यावर अंधारात त्यांचे केस आणि कपडे चमकायचे, रुमालात नाक शिंकरलं तर रुमाल चमकायचा.

ग्रेस फ्रायर ही त्यातली एक. तिने पुढे कोर्टात सांगितलं की, ज्याने तो रंग शोधला तो साबिन फॉन सोशॉकी एकदा तिच्या टेबलाजवळून जाताना थबकला आणि म्हणाला, असं तोंडात घालू नकोस, आजारी पडशील. तिने लगेच आपल्या वरच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, काही होत नाही. आणि ती पुन्हा कुंचला ओठात धरून कामाला लागली. या एका प्रसंगावर मी आयुष्यभर विचार केला आहे. माहिती त्या टेबलापर्यंत चालत आली होती. ती तिथे एक क्षण थांबली आणि निघून गेली.

पुढचं शरीरशास्त्र तुला ठाऊक आहे. रेडियम आवर्त सारणीत कॅल्शियमच्याच उभ्या रांगेत बसतं. शरीराला फरक कळत नाही, ते त्याला कॅल्शियम समजून हाडांत नेऊन ठेवतं. अर्धायुष्य १६०० वर्षं. एकदा हाडात बसलं की बहुतेक तिथेच राहतं आणि मज्जेवर आतून मारा करत राहतं. आधी दात दुखायला लागले. दात काढला की जखम भरायची नाही, शेजारचा दात हलायला लागायचा. मॉली मॅगिया २४ वर्षांची होती. डॉक्टरने तपासताना तिच्या जबड्याचं हाड त्याच्या हातात आलं. सप्टेंबर १९२२ मध्ये ती गेली आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं सिफिलिस, म्हणजे गुप्तरोग. पाच वर्षांनी तिचं प्रेत उकरून काढलं, तेव्हा हाडांतून किरण निघत होते आणि सिफिलिसची खूण कुठेच नव्हती. तोवर पाच वर्षं तिच्या घरच्यांनी तो डाग सोसला. तिच्या दोन सख्ख्या बहिणींनीही त्याच कारखान्यात काम केलं होतं आणि दोघीही आजारी होत्या.

कंपनीने स्वतःच हार्वर्डचे तज्ज्ञ बोलावून तपासणी करून घेतली होती. अहवाल कंपनीच्या विरोधात गेला. तेव्हा कामगार खात्याला त्या अहवालाचं बदललेलं रूप कळवण्यात आलं, ज्यात सगळ्या मुलींची तब्येत उत्तम होती. हे वाचताना माझे हात आजही थरथरतात.

खरं बाहेर आलं ते हॅरिसन मार्टलंड या सरकारी डॉक्टरमुळे. त्याने मुलींचा श्वास मोजला. रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो, म्हणून हाडात रेडियम असेल तर बाहेर पडणाऱ्या श्वासात रेडॉन सापडतो. नुसत्या उच्छ्वासावरून आतलं विष ओळखायचं, किती साधी आणि सुंदर युक्ती! ग्रेसला वकील मिळायला दोन वर्षं लागली. शेवटी पाच जणी कोर्टात उभ्या राहिल्या, त्यांपैकी काहींना शपथ घ्यायला हातही वर करता येत नव्हता. १९२८ च्या जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. फॉन सोशॉकी त्याच वर्षी रेडियममुळेच झालेल्या रक्ताच्या आजाराने गेला. इलिनॉयमधल्या ओटावा गावी तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना त्यानंतरही दहा वर्षं झगडावं लागलं.

या मुलींच्या शरीरांतल्या रेडियमची मोजदाद पुढे रॉब्ली इव्हान्स या शास्त्रज्ञाने केली आणि १९४१ मध्ये अमेरिकेत मर्यादा ठरली. माणसाच्या शरीरात ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त रेडियम असता कामा नये. शरीराच्या आत बसणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यासाठी ठरवलेली ही पहिली अशी मर्यादा. पुढे बॉम्बच्या प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांसाठी मर्यादा काढली, तीही यावरूनच. तू छातीवर अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज लावशील, तीन महिन्यांनी त्याचा आकडा येईल, आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही कमाल मात्रेची रेघ तू तपासशील. तिच्या मागे असे किती जबडे आहेत हे मला तुला सांगावंसं वाटतं. वर्गातले ते तास यासाठी होते.

आता माझं सांगते. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे रेडियमच्या सुया होत्या. प्लॅटिनमचं कवच, आत एक-दोन मिलिग्रॅम रेडियम आणि टोकाच्या नेढ्यात ओवलेला रेशमी दोरा. जिभेच्या, गालाच्या कर्करोगात डॉक्टर त्या सुया गाठीत टोचायचे आणि दोरे तोंडाबाहेर आणून टाक्याने पक्के करायचे. तंबाखू, मिश्री यांमुळे असे रुग्ण आपल्याकडे किती, ते तू पाहिलंच आहेस. सुया पाच-सात दिवस आत राहायच्या. आम्ही मिलिग्रॅम-तासांचा, म्हणजे किती रेडियम किती तास आत राहिलं याचा हिशेब करायचो, आणि दर पाळीला सिस्टर बाहेर लोंबणारे दोरे मोजायच्या. त्या मोजणीवर सगळं अवलंबून असायचं.

एका संध्याकाळी दहाचे नऊ दोरे भरले. रुग्ण शेतकरी होता, जीभ सुजलेली, बोलता येत नव्हतं. त्याने हातांनी खूण केली की खोकला आला होता. मी किरण ओळखणारा काउंटर घेऊन निघाले. चादर, उशी, थुंकायचं भांडं, कचऱ्याची बादली, मोरी, सगळं पालथं घातलं. माझ्या अंगाला घाम सुटला होता. हरवलेली सुई गटारात गेली तर काय, या विचाराने पायातलं बळ गेलं. व्हरांड्यात उभी होते तेवढ्यात काउंटर आपोआप वाजायला लागला. टक, टक, मग सलग. मी जागची हलले नव्हते. समोरून वॉर्डातल्या मावशी चालत येत होत्या.

"सुई होय? मी ठिवलीय की उचलून," त्या म्हणाल्या. "फरशी पुसताना दिसली. कुणाच्या पायात गेली असती." आणि त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारी, कात, चुन्याची डबी, आणि तिच्याशेजारी दोऱ्यासकट आमची सुई. टाके घालायची सुई समजून जपून ठेवली होती. दुपारपासून तीन तास ती त्यांच्या कमरेला होती.

मी लांब चिमट्याने सुई उचलून शिशाच्या डब्यात टाकली. मग हिशेब मांडला. एक मिलिग्रॅमची सुई, एका सेंटिमीटरवर तासाला सुमारे आठ रॉन्टजेन, हे किरणांचं तेव्हाचं माप. कवच शाबूत होतं, पुसून पाहिलं तर गळती नव्हती, चंची आणि त्यांचे हात स्वच्छ होते. त्यांच्या कातडीवर नंतर काही उमटलं नाही. मी वर्षभर दर महिन्याला बघत होते. पण त्या दिवशी वरिष्ठ आले आणि त्यांनी मावशींना सगळ्यांसमोर झापलं, विचारल्याशिवाय हात का लावला म्हणून. मावशी खाली मान घालून ऐकत होत्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "ताई, आठ वर्षं झाली मला हितं. एवढं वाईट असंल तर कुणी सांगायचं न्हाई का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोलीच्या दारावर सावधानतेची पाटी होती, इंग्रजीत. खाली तीन पात्यांचं चिन्ह होतं, ते मावशींना पंख्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी मराठीत पाटी लिहिली, 'किरणोत्सारी द्रव्यापासून सावध राहा', आणि त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "ह्यातलं काय कळलं न्हाई. असं लिवा, सुई दिसली तर हात लावू नका, सिस्टरला हाक मारा." मी तसंच लिहिलं. आमच्या विभागात रेडियम होतं तोवर तीच पाटी राहिली.

पुढे रेडियम गेलं. ते जाणारच होतं, कारण सुईच्या आत रेडॉन वायू साठत जातो आणि कवचाला तडा गेला तर तो बाहेर येतो. त्याच्या जागी सिझियम आलं, मग इरिडियम. तुझ्या विभागात मशीन स्वतः तारेच्या टोकाला बसवलेला इरिडियमचा दाणा रुग्णाच्या आत पाठवेल आणि परत घेईल, तू भिंतीपलीकडे कॉन्सोलजवळ असशील. त्यामुळे आता हे सगळं जुनं झालं असं वाटेल. म्हणून पेनसिल्व्हेनियातली १९९२ ची गोष्ट लक्षात ठेव. असाच दाणा तारेपासून तुटून एका वृद्ध बाईंच्या शरीरात घातलेल्या नळीतच राहिला. खोलीतला अलार्म वाजत होता. तो बिघडलाय असं धरून चालले, कारण कॉन्सोल म्हणत होता सोर्स, म्हणजे तो दाणा, मशीनमध्ये परत गेला. हातात मीटर घेऊन कुणीही त्यांच्याजवळ गेलं नाही. त्यांना वृद्धाश्रमात परत पाठवलं. तिथे चार दिवसांनी ती नळी आपोआप निसटली, कचऱ्यात गेली, आणि बाई वारल्या. पुढे कचऱ्याच्या ठिकाणच्या डिटेक्टरने दाणा पकडला. मधल्या दिवसांत त्या बाईंची उठबस करणाऱ्यांना, कचरा उचलणाऱ्यांना काय ठाऊक होतं?

तेव्हा प्रत्येक उपचारानंतर, दिवसात दहा असोत की बारा, सर्व्हे मीटर हातात घेऊन रुग्णापाशी स्वतः जायचं. कॉन्सोल काही म्हणू दे. मीटरची बॅटरी सकाळी आल्या आल्या बघायची. लांब चिमटा आणि शिशाचा डबा खोलीत कुठे आहे, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, तुला आणि तुझ्या टेक्निशियनलाही. सोर्सचं रजिस्टर आज लिहू, उद्या लिहू असं करू नकोस. व्यवस्थापन म्हणेल की एवढ्या तेवढ्यासाठी मशीन थांबवू नका, रांग लागली आहे. रांगेतले लोक लांबून एसटीने आलेले असतात, त्यांचा विचार करायचाच. पण अलार्म वाजला तर मशीन थांबवायचं, आणि ते तुझ्या सहीने. इथे भिडेखातर गप्प बसू नकोस.

आणि रेडियम तुला पुन्हा भेटेलही. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरतो, त्यावर रेडियम-२२३ चं औषध २०१३ पासून अमेरिकेत मान्य झालं. अर्धायुष्य साडेअकरा दिवसांच्या आसपास, किरण आल्फा. तेही कॅल्शियमच्या वेशात हाडात जाऊन बसतं, आणि जिथे गाठीमुळे हाड नव्याने घडत असतं तिथे जास्त. ऑरेंजच्या मुलींना ज्या गुणाने मारलं त्याच गुणावर हे औषध उभं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते.

मेरीबद्दल तुला नेहमी आदर होता, तो तसाच ठेव. पण तिने स्वतःच्या बाबतीत फार दुर्लक्ष केलं हेही जाणून घे. बोटांची टोकं कडक आणि दुखरी झाली, मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, ती तिने होता होईल तो लपवली. ४ जुलै १९३४ रोजी ती गेली, मज्जा निकामी होऊन. तिच्या वह्या आजही शिशाच्या पेटीत ठेवलेल्या आहेत. अंगाला त्रास होतोय हे सांगायला लाजू नकोस, आणि हाताखालच्यांना लाजू देऊ नकोस. तुझ्याकडची एखादी मुलगी गरोदर राहिली तर तिला ते तुला सांगताना नोकरीची भीती वाटता कामा नये.

तू प्रशिक्षण देशील तेव्हा डॉक्टर आणि टेक्निशियन येतील, त्यांच्यासाठी स्लाइड तयार असतात. मावशी, मामा, लिफ्टवाला, कचरा नेणारा मुलगा यांना सहसा कुणी बोलावत नाही. त्यांना वेगळं बोलव, पाळी संपायच्या आधी, म्हणजे घरी जायची घाई नसते. चहा सांग. स्लाइड लावू नकोस. मशीन दाखव, मीटर त्यांच्या हातात दे, आवाज ऐकू दे. रुग्ण किरणोपचाराला 'शेक' म्हणतात, तूही शेकच म्हण. आणि तुझं बोलून झालं की त्यांना विचार, दारावर काय लिहू. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही, तुला ते अशास्त्रीय वाटलं तरी.

सोबत एक लहान डबा पाठवते आहे. त्यात माझा जुना पॉकेट डोसिमीटर आहे, कामाला नाही, टेबलावर ठेवायला. सोमवारी रुजू झालीस की विभागात ज्या मावशी असतील त्यांचं नाव विचारून घे, आणि त्यांनी पाटीसाठी काय सांगितलं ते मला कळव. फोन नको, लिहून पाठव.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
मॅडम